शिडी बाहेर ठेवा

त्या दुपारी तिच्या दुकानात आधी शिडी आली आणि मागून माणूस आला.

झालं असं, की गल्ली अरुंद. समोरून हातगाडी आली म्हणून तो बाजूला सरकला, आणि त्याच्या खांद्यावरच्या शिडीचं टोक सरळ दुकानाच्या दारातून आत घुसलं. दारात टांगलेल्या निळ्या काचेच्या हंडीला ते टेकलं, हंडी झुलली, आणि दुकानवाली काउंटरमागून कशी धावली, हंडी पोटाशी कशी धरली, तिचं तिलाच कळलं नाही. तो "माफ करा, माफ करा" म्हणत वळला. आता खांद्यावर शिडी घेतलेला माणूस पुढून वळला, की शिडी मागूनही वळते. इतकी वर्षं शिडी वाहूनही हे त्याला ऐन वेळी सुचलं नाही, आणि समोरच्या कुलुपवाल्याने मोठ्याने त्याच्या अकलेची चौकशी केली.

"वळू नका," ती म्हणाली. "आहात तसेच मागे जा. आणि शिडी बाहेर ठेवा. आमच्या दुकानात शिडी आत आणत नाहीत."

"का हो? चावते की काय?"

ती हसली नाही. हंडी धड होती, पण तिने ती अजून पोटाशी घट्ट धरून ठेवली होती. ते त्याने पाहिलं, आणि पुढची थट्टा गिळून, गुपचूप शिडी भिंतीला लावून तो परत आला.

दुकान जुन्या दिव्यांच्या सुट्या भागांचं होतं. अख्खा दिवा तिथे मागूनही मिळाला नसता, पण कुणाच्या आजोबांच्या झुंबराचा एक लोलक हरवलाय, कुणाच्या टेबलदिव्याची काच तडकलीय, असं दुखणं घेऊन लांबून लांबून माणसं यायची. तिच्या वडिलांनी उभं केलेलं दुकान. भिंतभर लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या मुठीला आतल्या वस्तूचा एक नमुना दोऱ्याने बांधलेला. पितळी कडी, साखळीचा तुकडा, काचेचा थेंब. चिठ्ठ्या कुठेच नाहीत. हाताने चाचपायचं आणि ओळखायचं. गिऱ्हाईक तिला काचवाली म्हणायचं आणि तिलाही ते नाव आवडायचं. आतल्या बाजूला तिची आई खुर्चीत बसून लोलकांना तारा ओवत असे.

त्याने पिशवीतून एक वाकडी, मोडकी पितळी फांदी काढून काउंटरवर ठेवली. नदीपलीकडच्या जुन्या हॉटेलातला दिवा. तीन मजली जिना, आणि जिन्याच्या मधल्या पोकळीत छतापासून टांगलेला सहा फांद्यांचा तो दिवा ओल धरलेल्या छतामुळे एका रात्री खाली आला होता. माणसं वाचली, दिवा मोडला. तो पुन्हा होता तसा लावून द्यायचं काम ह्याने घेतलं होतं. महिन्याभरात हॉटेल उघडायचं होतं.

"तुम्ही लावणार? वर चढून?" तिने विचारलं.

"मग काय दिवा खाली उतरून येणार?" तो म्हणाला. त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. "एक विचारू? खण तुमच्या हाताच्या उंचीवर संपतात. वरची अर्धी भिंत मोकळी. एवढी जागा फुकट का घालवता?"

"वर ठेवलं की वर चढावं लागतं."

तिने फांदी उचलली, डोळे मिटून तिच्या टोकावरचे आटे अंगठ्याने चाचपले आणि न बघता खालच्या रांगेतला एक खण ओढला. जोडीची फांदी त्यात होती. तिने ती जुन्या तुकड्याला लावून हाताने फिरवली. सुर्रकन शेवटपर्यंत गेली. तो बघतच राहिला. तिने समजावलं, की जुन्या दिव्यांचे आटे प्रत्येक कारखान्याचे वेगळे असत. वडिलांचा नियम असा, की भाग नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना लावावा लागला, तर तो त्या दिव्याचा भाग नव्हे, कितीही तसाच दिसला तरी.

"आणि माणसांचं कसं ओळखतात?" त्याने विचारलं.

"माणसांचे नमुने आम्ही ठेवत नाही," ती म्हणाली, आणि आत आईचं तार ओवणं थांबल्याचं तिच्या लक्षात आलं.

मग तो येतच राहिला. एका दिवशी काचेचं फूल, एका दिवशी साखळीची कडी, एका दिवशी एकच एक लोलक. सगळे नमुने एकदम का आणत नाही, असं तिने चौथ्या दिवशी विचारलं. पिशवी लहान आहे, असं तो म्हणाला. त्या पिशवीत एखादी मांजर पिलांसकट आरामात मावली असती. पाचव्या दिवशी सकाळी केस विंचरायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि आईने आरशाकडे न बघायचं नाटक केलं.

त्याला ती 'शिडीवाले' म्हणायची. अहो शिडीवाले, हात पुसा, मग काचेला लावा. अहो शिडीवाले, उजेड अडवू नका. तो हसला, की एक भुवई वर जायची आणि दुसरी तिथेच राहायची. लोलक उजेडात धरून बघताना त्याच्या गालावर इवलासा रंगीत पट्टा पडायचा... आणि ती पटकन दुसरीकडे बघायची.

छान चाललं होतं, असं कुणालाही वाटलं असतं. पण ती घाबरलेली होती. कारण तिच्या हातून तो जो भाग घेऊन जायचा, त्याने दिवा पूर्ण होत चालला होता. आणि दिवा पूर्ण झाला, की तो चढणार होता. तीन मजली पोकळीवर टाकलेल्या फळ्या, फळ्यांवर शिडी, शिडीवर तो, आणि नट बसेपर्यंत दोराने वर ओढून धरलेला दिवा... हे सगळं त्याने तिला रंगवून सांगितलं होतं, बिचाऱ्याला वाटलं होतं की ती कौतुक करेल. त्या दिवशी तिने त्याला लोलकही चुकीचा दिला.

ती चौदा वर्षांची असताना वडिलांची शिडी धरायची. शाळा सुटली, की त्यांच्याबरोबर कामावर. शिडी धरणाऱ्याने शिडी सोडायची नाही, हे त्यांनी तिला शिकवलं होतं. एका मोठ्या सभागृहात वडिलांच्या हातून स्क्रू निसटला. "पकड, पकड तो," ते वरून म्हणाले, आणि ती शिडी सोडून स्क्रूमागे धावली. स्क्रू सापडला. तो उचलून ती वळेपर्यंत मागे आवाज झाला होता. त्यानंतर बारा वर्षांत तिने शिडीला हात लावला नव्हता, आणि दुकानात शिडी येऊ दिली नव्हती.

शेवटचा नमुना घेऊन तो आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. छतातून खाली येणाऱ्या सळईच्या टोकाशी ज्या पितळी नटावर सगळा दिवा टांगलेला असतो, तो हा नट. मधोमध तडा गेलेला. "हा मिळाला की झालं," तो म्हणाला. "बाकी सगळा दिवा खाली जोडून तयार आहे. काय दिसतोय, एकदा येऊन बघा."

तिने नट हातात घेतला. अंगठा आट्यांवरून फिरवला आणि तिला लगेच कळलं. डाव्या कोपऱ्यातला सगळ्यात खालचा खण. एकच शिल्लक होता, वडिलांच्या हाताने तेल लावून कागदात गुंडाळलेला.

"नाही," ती म्हणाली.

"बघून तरी सांगा."

"नाही म्हटलं ना. हा माल संपला. आता कुठेच मिळायचा नाही."

आयुष्यात तिने गिऱ्हाइकाला असलेली वस्तू नाही म्हणून सांगितली नव्हती. पण तो तिच्यावर इतका विश्वास टाकून होता, की त्याला शंकाही आली नाही. उलट तिचा पडलेला चेहरा बघून त्यानेच तिची समजूत घातली, की असू दे, होईल काहीतरी. तो गेल्यावर तिने तो नट खणातून काढला आणि आईच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली दडवला. त्या डब्यात तिचीही एक जुनी पुडी होती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तिने झाकण लावलं. नट नाही म्हणजे दिवा नाही, दिवा नाही म्हणजे चढणं नाही. इतका सोपा हिशेब होता. मग जीव इतका का कासावीस होतोय, ते मात्र तिला कळेना.

पाच दिवस तो आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी ती दुकान झाडत असताना फोनवर त्याचा निरोप आला. 'नट मिळाला! भंगारवाल्याकडे, मॅनेजरनेच शोधला. अगदी तसाच दिसतोय. तीन आटे हाताने गेला, पुढे अडतोय. पाना लावून बसवतो. तुमच्या वडिलांचा नियम मोडतोय, पण खरा नट तर कुठेच नाही ना. उद्या हॉटेल उघडायचंय. आता चढतो. संध्याकाळी दिवा बघायला याच... आणि दिव्याखाली उभं राहून तुम्हाला एक विचारायचंय.'

तिच्या हातातून केरसुणी पडली. तीन आटे. पाना लावून बसवला, की नट घट्ट बसल्यासारखा वाटणार, आटे आतून खरवडले जाणार, आणि दिव्याचा भार येताच सगळं निसटणार. खाली फळ्या, फळ्यांवर शिडी, शिडीवर तो. तिने फोन लावला. वाजत राहिला. चढताना तो फोन खाली ठेवतो, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. तिने पुन्हा लावला. मग ती आत धावली आणि शिवणाचा डबा उघडता उघडता सगळा सांडला. रिळं घरंगळली, बटणं उडाली, आणि आईच्या पायाशी दोन वस्तू येऊन थांबल्या. एक पितळी नट, आणि कागदाच्या पुडीतून बाहेर पडलेला एक गंजका स्क्रू.

आईने आधी नट उचलला. तो कुणासाठी आणि इथे का, हे तिला विचारावं लागलं नाही. मग तिने स्क्रू उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला.

"हा तू ठेवलास होय," आई म्हणाली. "अगं वेडे, तिथल्या फरशीला नुकतं पॉलिश केलं होतं. शिडीचे पायच सरकले. तू धरून असतीस, तरी ते गेलेच असते, आणि वर तूही गेली असतीस. मला वाटलं, तुला हे माहीत आहे. बारा वर्षं मला वाटत राहिलं की तुला माहीत आहे."

तिला रडायला वेळ नव्हता. आईने नट तिच्या मुठीत कोंबला, तिची बोटं त्यावर मिटवली आणि तिला दाराकडे ढकललं. "जा. आणि ते पोर खाली असेल तर बरं, वर असेल तर ओरडू नकोस. दचकेल."

ती धावत सुटली. कुलुपवाला काय झालं म्हणून ओरडला, ती थांबली नाही. पूल, पुलानंतरचा चढ, हॉटेलचं लोखंडी फाटक. डोक्यात एकच, की त्याने पाना लावला असेल, लावला असेल, आता सोडेल, आता सोडेल दोर. ती जिन्याच्या तळाशी पोचली आणि तिने वर पाहिलं.

दिवा अधांतरी होता. सहाच्या सहा फांद्या, तिने शोधून दिलेली काचेची फुलं, तिचे लोलक, सगळं कप्पीवरून दोराने वर ओढलेलं. दोराचं दुसरं टोक तळाशी कठड्याला बांधलेलं, आणि त्याशेजारी हॉटेलचा म्हातारा पहारेकरी एका हातात चहाचा कप घेऊन, दुसऱ्या हाताने गाठ सोडायच्या तयारीत.

"ती गाठ सोडू नका," ती म्हणाली. ओरडली नाही, पण त्या म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे बघून कपही खाली ठेवला. "मी सांगेपर्यंत सोडू नका. दोर धरून राहा."

तीन मजले ती कशी चढली, कोण जाणे. वरच्या मजल्यावर कठड्यातून आरपार टाकलेल्या दोन जाड फळ्या होत्या. त्यांवर शिडी, आणि शिडीच्या टोकाला तो, हात छताशी, हातात पाना.

"खाली ये," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. ती एक भुवई वर गेली. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

"तो नट काढ. तो त्याचा नाही."

"ते मलाही माहीत आहे. पण खरा..."

"खरा माझ्याकडे आहे." तिने मूठ उघडून वर केली. "पहिल्यापासून होता. मी खोटं बोलले."

दिव्याचे लोलक एकमेकांना लागून किणकिणत होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि ते उतरताना बघणं तिला त्या पोकळीत बघण्याहून कठीण गेलं.

"का?" त्याने विचारलं.

"तू चढू नयेस म्हणून. माझे वडील..." तिने कठडा धरला. "माझे वडील शिडीवरून पडून गेले. शिडी मी धरली होती, आणि मी ती सोडली. तुला दिवा पुरा करून द्यायची मला भीती वाटत होती. तू मला आवडतोस, आणि तू चढतोस, हे दोन्ही माझ्याच्याने एकदम होईना."

त्याने हातातल्या पान्याकडे पाहिलं. "आणि मी हा तसाच बसवून दोर सोडायला सांगणार होतो," तो म्हणाला. "पहारेकरी खाली दोरापाशी आहे. शिडी धरायला इथे कुणी नाही. दोन्ही हात लावल्याशिवाय हा नट निघायचा नाही."

म्हणजे काय, ते तिला कळलं. त्याने खाली जा म्हटलं असतं, तर ती आनंदाने गेली असती. पण त्याने नटासाठी हात खाली केला. ती फळीवर एक पाऊल टाकून उभी राहिली, मग दुसरं टाकलं. फळी किंचित लवली. दोन्ही बाजूंना तीन मजल्यांची पोकळी आणि तळाशी पांढरी फरशी. तिने डोळे शिडीच्या लाकडावरच ठेवले. नट त्याने खाली वाकून तिच्या हातून घेतला, आणि मग बारा वर्षांनी तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. शिडी थरथरत होती. आधी तिला वाटलं, आपले हात आहेत. मग लक्षात आलं, की कंप वरून येतोय.

"तुलाही भीती वाटते?" तिने विचारलं.

"रोज. तिसऱ्या पायरीपासून. कुणाला सांगू नकोस, धंदा बसेल."

त्याने पाना लावला. अडलेला नट कुरकुरला, सुटला, एक आटा, दोन आटे... आणि घामेजल्या बोटांतून निसटला. फळीवर आपटून टणकन उडाला आणि घरंगळत अगदी तिच्या पायाजवळून काठाकडे निघाला.

"अरे, पकड—" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तिचं सगळं अंग त्या नटाकडे झेपावलं. खांदा वळला, गुडघा वळला. हात तेवढे वळले नाहीत. नट काठावरून गेला. एक, दोन, तीन मजले... आणि खाली फरशीवर खणखणीत आवाज झाला. पाठोपाठ पहारेकऱ्याने दोघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला. ती शिडीला कपाळ टेकून उभी होती, आणि रडत होती, आणि धरून होती.

"धरलीय," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

खरा नट त्याने सळईवर टेकवला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. वडिलांनी लावलेलं तेल अजून ओलसर होतं. ती आटे मोजत राहिली. चौथा गेला, सातवा गेला, अकराव्याला तो आपसूक येऊन थांबला. पाना हातातच राहिला. मग तिनेच खाली हाक मारली, म्हाताऱ्याने दोर इंच इंच सैल केला, आणि दिव्याने आपला भार स्वतःवर घेतला. दिवा जरासा झुलला आणि स्थिर झाला.

तो एकेक पायरी उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला, आणि तिचे हात अजून शिडीवर, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना होते.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तीन-चार दिवस तरी राहीन."

"राहा." तिने नाक ओढलं. "पण ते विचारायचं होतं, ते?"

"ते राग गेल्यावर. शिडी सोड आता, मी उतरलो."

"आधी फळीवरून पलीकडे जा," ती म्हणाली. "मग सोडते."

राग त्याने इमानाने तीन दिवस धरला. हॉटेल उघडलं, दिवा लागला, लोक माना वर करून बघून गेले, आणि ती गेली नाही. रोज दुकान उघडायची, गल्लीच्या तोंडाकडे बघायची आणि लोलक पुसायची. दुसऱ्या दिवशी लोलक संपले, तेव्हा तिने तेच पुन्हा पुसले. त्याचा पाय घसरला असेल का, या भीतीच्या जागी आता तो आलाच नाही तर, ही भीती येऊन बसली होती, आणि ही पहिलीपेक्षा काही लहान नव्हती. आई एकदाच म्हणाली, की रागावलेलं माणूस येतं, कंटाळलेलं येत नाही, आणि तो काही कंटाळल्यासारखा दिसत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी कुलुपवाल्याचा आरडाओरडा ऐकू आला, आणि तिने हातातला लोलक खाली ठेवला.

तो दारात उभा होता. नियमाप्रमाणे शिडी त्याने बाहेर भिंतीला लावली होती आणि हात पुसले होते. "वरची अर्धी भिंत मोकळी आहे," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत. "खण बनवून देतो. छतापर्यंत. पण मग रोज कुणालातरी चढावं लागेल, आणि कुणालातरी धरावं लागेल. रोज म्हणजे... कायमचं. हेच विचारायचं होतं."

आत आईचं तार ओवणं थांबलं.

ती काउंटरमागून बाहेर आली. त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, गल्लीत गेली. भिंतीला लावलेल्या शिडीचं एक टोक तिने दोन्ही हातांनी उचललं. जड होती. भीती होतीच, ती काही एका दिवसात जाणार नव्हती.

"दुसरं टोक कोण उचलणार?" ती म्हणाली. "आणि वळू नकोस, हंडी आहे दारात."